घर न सोडणारे विषाणू

विषाणूंशी आपली ओळख त्यांच्या प्रवासातून झालेली आहे. खोकल्याच्या थेंबांतून, डासाच्या सोंडेतून, दूषित पाण्यातून ते एका शरीरातून दुसऱ्या शरीरात जातात, आणि म्हणूनच विषाणू म्हटले की बाहेरच्या जगात तग धरणारा, पेशीच्या दाराशी येऊन आत शिरणारा कण आपल्या डोळ्यांसमोर येतो. बुरशीला जडणारे बहुतेक विषाणू मात्र असा प्रवास करतच नाहीत. ते बुरशीच्या पेशीत तयार होतात, तिथेच आपल्या प्रती काढतात आणि बुरशीच्या एका पिढीतून पुढच्या पिढीत आतल्या आत पोहोचतात. त्यांच्या रचनेत ज्या विलक्षण गोष्टी दिसतात, त्यांतील बहुतेकांचे मूळ या घरकोंडेपणात आहे, असे मला वाटते.

या विषयाकडे मला वळवले ते ऐरोलीतील माझ्या मावसबहिणीने. ती घराच्या मागच्या खोलीत धिंगरी अळंबी पिकवते. भाताचा पेंढा भिजवायचा, गरम पाण्यातून काढायचा, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत थर देऊन भरायचा, थरांमध्ये स्पॉन, म्हणजे अळंबीचे बियाणे, पेरायचे आणि पिशव्या टांगायच्या, हे काम ती गेली काही वर्षे मनापासून करते आहे. गेल्या पावसाळ्यात तिच्या काही पिशव्यांतील अळंबी लांब देठांची आणि बारीक छत्रीची निघाली, तेव्हा तिने विचारले, “माणसाला होतात, झाडाला होतात, तसे विषाणू बुरशीला पण होतात का गं?” तिच्या अळंबीचे दुखणे साधे होते, खोलीत हवा खेळत नव्हती आणि कार्बन डायऑक्साइड साठला होता. खिडकी उघडी ठेवल्यावर पुढचे पीक नीट आले. पण प्रश्न मोलाचा होता, कारण बुरशीविषाणूंचा शोध नेमका अळंबीच्याच खोलीतून लागलेला आहे.

१९४८ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, ला फ्रान्स नावाच्या बंधूंच्या अळंबी-शेतावर बटण अळंबी विचित्र येऊ लागली. देठ लांबट, छत्री लहान, उत्पादन घटलेले आणि अळंबी वेळेआधीच तपकिरी पडणारी. पुढे हा रोग इतर देशांतही दिसला. इंग्लंडमधील एम. हॉलिंग्ज यांनी १९६२ मध्ये अशा रोगट अळंबीतून विषाणूंचे कण वेगळे करून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले, आणि बुरशीलाही विषाणू जडतो हे निर्विवाद झाले. त्याच दशकात दुसऱ्याच दिशेने एक कोडे सुटले. पेनिसिलियम जातीच्या काही बुरशींचा अर्क टोचल्यास प्राण्यांना विषाणूंपासून संरक्षण मिळते, हे आधीपासून ठाऊक होते. शोध घेता असे आढळले की हा गुण बुरशीचा नव्हता, तिच्या आत राहणाऱ्या विषाणूच्या दुपदरी आरएनएचा होता. आरएनए हा डीएनएसारखाच जनुकीय माहिती वाहणारा रेणू, पण पेशींत तो बहुधा एकपदरी असतो. प्राण्यांच्या पेशी दुपदरी आरएनए दिसताच इंटरफेरॉन, म्हणजे विषाणूंना अडवणारी प्रथिने, तयार करतात. दुपदरी आरएनए हा पेशीसाठी धोक्याचा इशारा आहे, हा मुद्दा लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता हे विषाणू घर का सोडत नाहीत ते पाहू. पावसाळ्यात येऊरच्या वाटेवर कुजणाऱ्या ओंडक्याची साल उचलली, तर खाली पांढऱ्या धाग्यांची जाळी दिसते. तीच खरी बुरशी. वर दिसणारी छत्री हे तिचे फळ. यातला प्रत्येक धागा, म्हणजे कवकतंतू, ही एक बारीक नळी असते. अनेक बुरशींमध्ये नळीत आडव्या भिंती असतात, पण त्या भिंतींना मधोमध भोक असते, आणि त्यातून पेशीद्रव एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात वाहत राहतो. शिवाय एकाच जातीचे दोन तंतू भेटले की ते एकमेकांना जोडले जाऊ शकतात, आणि जोडणीनंतर दोघांचा पेशीद्रव एक होतो. विषाणूला आतून पसरायला एवढी वाट पुरते. पुढच्या पिढीत जायचे तर बीजाणू तयार होताना त्यात पेशीद्रव जातोच, त्याच्याबरोबर विषाणूही जातो. बाहेरून येणाऱ्याला मात्र कायटिन आणि ग्लुकानची जाड पेशीभित्तिका भेदावी लागते, आणि ते काम अवघड आहे. आत राहणे स्वस्त आणि बाहेरून येणे महाग असेल, तर उत्क्रांतीच्या ओघात बाहेर पडण्याचे साहित्य गळून जाते. आपल्याला आजारी पाडणाऱ्या विषाणूंवर पेशीला चिकटण्यासाठी जे काटे किंवा आकडे असतात, ते बहुतेक बुरशीविषाणूंवर नसतात.

सर्वांत जास्त अभ्यास झालेला बुरशीविषाणू आपल्या रोजच्या पावाच्या फार जवळचा आहे. पाव फुगवणारे यीस्ट, म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, हीसुद्धा एक बुरशीच, फक्त तंतूंऐवजी सुट्या पेशींची. तिच्या अनेक वाणांमध्ये एल-ए नावाचा विषाणू राहतो. त्याचा सगळा जनुकसंच म्हणजे दुपदरी आरएनएचा एकच तुकडा, सुमारे ४,६०० अक्षरांचा, आणि त्यात दोनच जनुके. एक जनुक कवचाच्या प्रथिनाचे, दुसरे आरएनएच्या प्रती काढणाऱ्या विकराचे, म्हणजे एन्झाइमचे. ही दोन जनुके एकमेकांवर थोडी चढलेली असतात. पेशीतील प्रथिने बांधणारा रायबोसोम पहिले जनुक वाचत जातो आणि बहुतेक वेळा तिथेच थांबतो. पण शंभरातून सुमारे दोन वेळा तो एक अक्षर मागे घसरतो आणि पुढचे जनुकही वाचून टाकतो. तेव्हा कवच आणि विकर एकमेकांना जोडलेले असे लांब प्रथिन तयार होते. कवचाला १२० प्रथिने लागतात, त्यातली दोन-एक विकरासह आली की काम भागते. घसरण्याचे प्रमाण नेमके तेवढेच राखलेले आहे.

या १२० च्या आकड्यापाशी थोडे थांबायला हवे. बहुतेक गोल विषाणूंचे कवच वीस त्रिकोणी बाजूंच्या घनासारखे असते, आणि अशा घनावर एकसारखे तुकडे बसवायचे तर साठ जागा सापडतात. डोनाल्ड कास्पर आणि एरन क्लूग यांनी १९६२ मध्येच मोठ्या कवचांचे गणित मांडले होते. त्यानुसार ६०, १८०, २४० असे आकडे चालतात, १२० चालत नाही. तरीही दुपदरी आरएनए असलेले बहुतेक बुरशीविषाणू १२० प्रथिनांचेच कवच बांधतात. त्याची उकल अशी, की एकाच प्रथिनाचे दोन रेणू किंचित वेगळ्या आकारात वळून जोडीने बसतात, आणि अशा साठ जोड्यांचे कवच उभे राहते. एल-ए विषाणूच्या कवचाचा व्यास सुमारे ४० नॅनोमीटर असतो; असे २५,००० कण एका रांगेत ठेवले, तर एक मिलिमीटर भरेल. हीच साठ जोड्यांची बांधणी मेंढ्यांच्या ब्लूटंग रोगाच्या विषाणूतही सर्वांत आतल्या थरात सापडते. यीस्ट आणि मेंढी यांच्यातले अंतर पाहता हे साम्य मला फार महत्त्वाचे वाटते.

इतक्या वेगवेगळ्या यजमानांत हीच बांधणी का टिकली असावी? वर सांगितलेला धोक्याचा इशारा इथे उपयोगी पडतो. दुपदरी आरएनए पेशीद्रवात उघडा सापडला, तर अनेक बुरशी आपल्या डायसर आणि आर्गोनॉट या प्रथिनांच्या साहाय्याने त्याचे तुकडे करतात. म्हणून हे विषाणू आपला दुपदरी आरएनए कवचातून कधीच बाहेर काढत नाहीत. विकर कवचाच्या आतच असतो. तो तिथेच आरएनएची एकपदरी प्रत काढतो, ती प्रत कवचाच्या भोकांतून बाहेर सरकते, तिच्यावरून प्रथिने तयार होतात, आणि नव्या कवचात ती प्रत बंद झाल्यावरच तिला तिचा दुसरा पदर मिळतो. भोके एवढी रुंद असतात की कच्चा माल आत यावा आणि एकपदरी धागा बाहेर जावा, पण पेशीची मोठी प्रथिने आत शिरू नयेत. इतर विषाणूंच्या बाबतीत कवच म्हणजे प्रवासाची पेटी. इथे ते चालू कारखान्याच्या भिंतीसारखे आहे. एल-ए विषाणूचे कवच आणखी एक काम करते: पेशीच्या स्वतःच्या आरएनएच्या टोकाला जी रासायनिक टोपी असते, ती काढून घेऊन स्वतःच्या आरएनएला बसवते, म्हणजे रायबोसोमला दोन्हींत फरक कळत नाही.

या कवचात कधी कधी भाडेकरूही राहतो. काही यीस्ट पेशींमध्ये एल-एच्या कवचात एम नावाचा लहान दुपदरी आरएनए सापडतो. त्याला स्वतःचे कवच नाही, विकर नाही. त्याच्यावर लिहिलेले असते ते एका विषाचे जनुक. १९६३ मध्ये बेव्हन आणि मॅकोवर यांनी काही यीस्ट आजूबाजूच्या यीस्टला मारतात हे नोंदवले, त्यामागे हेच विष आहे. के-१ नावाचे विष शेजाऱ्याच्या पेशीभित्तिकेला चिकटते आणि आतल्या पटलाला छिद्रे पाडते. के-२८ हे विष पेशीत शिरून थेट केंद्रकापर्यंत जाते आणि डीएनए तयार होणे थांबवते. विष तयार करणारी पेशी स्वतः मात्र त्यापासून सुरक्षित असते. म्हणजे विषाणू बाळगणाऱ्या यीस्टचा शेजाऱ्यांशी चाललेल्या स्पर्धेत फायदा होतो, आणि विषाणू गमावला तर त्याच विषाने मरण्याची पाळी येते. यातून झालेला परिणाम २०११ मध्ये स्पष्ट झाला. सॅकरोमायसिस सेरेव्हिसीमध्ये डायसर-आर्गोनॉटची संरक्षण यंत्रणा उरलेलीच नाही. संशोधकांनी ती जवळच्या दुसऱ्या यीस्टमधून आणून बसवली, तेव्हा विषाणू टिकेना आणि मारण्याची शक्ती गेली. विषाणूंविरुद्धचे शस्त्र आणि शेजाऱ्यांविरुद्धचे शस्त्र यांतून एकच ठेवता येते, आणि या यीस्टच्या वंशाने दुसरे ठेवले.

दुपदरी आरएनएच्या इतर कुळांवर फार वेळ न घालवता एवढेच सांगते, की काही कुळे आपला जनुकसंच एका तुकड्यात न ठेवता अनेक तुकड्यांत वाटतात. पार्टिटिविषाणूंमध्ये दोन तुकडे असतात आणि ते वेगवेगळ्या कवचांत राहतात; क्रायसोविषाणूंमध्ये बहुधा चार, तेही स्वतंत्र कवचांत. बाहेर प्रवास करणाऱ्या विषाणूला अशी वाटणी धोक्याची ठरली असती, कारण सगळे कण एकाच पेशीत पोहोचायला हवेत. एकाच पेशीद्रवातून सगळे मिळून वाहत जात असतील, तर ती अडचण बरीच कमी होते.

घरकोंडेपणाची खरी कमाल कवच टाकून दिलेल्या विषाणूंत दिसते. हायपोविषाणूंना कवचाचे प्रथिनच नसते. त्यांचा आरएनए पेशीच्याच पटलापासून बनलेल्या लहान पिशव्यांमध्ये राहतो. नार्नाविषाणू त्याहून साधे: यीस्टमध्ये सापडणाऱ्या दोन नार्नाविषाणूंचा जनुकसंच अडीच ते तीन हजार अक्षरांचा, आणि त्यात जनुक एकच, प्रती काढणाऱ्या विकराचे. एक आरएनए आणि त्याला मिठी मारून बसलेला एक विकर, एवढाच तो विषाणू. मायटोविषाणू तर पेशीतल्या तंतुकणिकेत, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात, राहतात. त्यांचे नाते जीवाणूंना जडणाऱ्या आरएनए विषाणूंशी लागते, आणि तंतुकणिका स्वतः एके काळी जीवाणूच होत्या, हे ध्यानात घेतले की त्यांचा वंश किती जुना असावा याची कल्पना येते. जपानमध्ये फळझाडांच्या मुळांना कुजवणाऱ्या रोझेलिनिया बुरशीत २०१६ मध्ये याहून वेगळी तऱ्हा सापडली. तिथे एक एकपदरी आरएनए विषाणू दुसऱ्या दुपदरी आरएनए विषाणूचे कवच पळवून त्यात राहतो आणि त्यातच आपल्या प्रती काढतो. त्याचे नाव यादोकारी, म्हणजे जपानी भाषेत रिकाम्या शंखात राहणारा खेकडा. कोकणच्या किनाऱ्यावर शंख पाठीवर घेऊन धावणारे असे खेकडे ज्यांनी पाहिले असतील, त्यांना हे नाव किती चपखल आहे ते लगेच पटेल.

ही विविधता आपल्याला बराच काळ कमी दिसली, आणि त्याचा दोष पद्धतीकडे जातो. बुरशीतून दुपदरी आरएनए वेगळा काढणे सोपे होते. तो सेल्युलोजच्या भुकटीला चिकटतो आणि जेलमध्ये त्याचे पट्टे उमटतात. ज्याचा पट्टा दिसे, त्याचीच मोजणी होई, आणि त्यामुळे बुरशीविषाणू म्हणजे दुपदरी आरएनएचे विषाणू असा समज रुजला. बुरशीतील सगळाच आरएनए वाचता येऊ लागल्यावर चित्र पालटले. २०१४ मध्ये स्क्लेरोटिनिया बुरशीत असा विषाणू सापडला, ज्याचा आरएनए उलट्या अर्थाचा होता, म्हणजे ज्यावरून थेट प्रथिने बनत नाहीत, आधी उलट प्रत काढावी लागते असा, आणि रेबीज आणि गोवराच्या विषाणूंच्या दूरच्या नात्यातला. आज मान्य झालेली कुळे वीसहून अधिक आहेत. अँबिविषाणू नावाच्या गटाचा आरएनए तर गोलाकार कड्यासारखा असतो आणि स्वतःला स्वतःच कापू शकतो. हा गुण वनस्पतींना रोग करणाऱ्या, प्रथिनच नसलेल्या व्हायरॉइडांचा, पण या कड्यावर विकराचे जनुक मात्र आहे. वनस्पती आणि बुरशी यांच्यामधली सीमाही पक्की नाही: काकडीवर्गीय पिकांच्या मोझॅक रोगाचा विषाणू रायझोक्टोनिया या बुरशीत नैसर्गिकरीत्या राहतो, हे २०१७ मध्ये दाखवले गेले.

यजमान मेला तर घरातच राहणाऱ्या विषाणूचेही संपते, आणि म्हणून बहुतेक बुरशीविषाणूंची लागण गुपचूप असते, बुरशीत काही फरक दिसतच नाही. काही विषाणू उपयोगी ठरतात. अमेरिकेतील यलोस्टोन उद्यानात ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापलेल्या मातीत एक गवत उगवते. त्याच्या आत कर्व्हुलेरिया बुरशी राहते आणि बुरशीच्या आत विषाणू. २००७ च्या अभ्यासात बुरशीतून विषाणू काढून टाकला, तर गवताला ती उष्णता सोसेनाशी झाली. विषाणू परत दिल्यावर ती सोसू लागली. उलट बाजूही आहे. टॅलरोमायसिस मार्नेफी ही माणसाला रोग करणारी बुरशी विषाणूमुळे अधिक घातक होते, आणि कोंड्याशी संबंध असलेल्या मॅलेसेझिया बुरशीतही विषाणू आढळले आहेत.

शेतीच्या दृष्टीने सर्वांत मोठी आशा मात्र बुरशीला दुबळी करणाऱ्या विषाणूंनी जागवली. १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयात चेस्टनटच्या झाडांवर एक रोग दिसला. क्रायफोनेक्ट्रिया पॅरासिटिका ही आशियातून आलेली बुरशी सालीत शिरून झाडाचा घेर वेढते आणि वरचा भाग वाळून जातो. पुढच्या पन्नास वर्षांत अमेरिकेतील ३०० ते ४०० कोटी झाडे गेली, असा अंदाज आहे. १९३८ मध्ये हीच बुरशी इटलीत जेनोवाजवळ पोहोचली. पण १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अँतोनिओ बिराघी यांना तिथे काही झाडांच्या जखमा आपोआप भरून येताना दिसल्या. फ्रान्समधील झाँ ग्राँत यांनी अशा जखमांतून काढलेली बुरशी नेहमीसारखी केशरी नव्हती, फिकट पांढरी होती, आणि तिच्या संपर्कात येणारी जोमदार बुरशीही दुबळी होत असे. १९७७ मध्ये तिच्यात दुपदरी आरएनए सापडला. १९९२ मध्ये चोई आणि नस यांनी विषाणूच्या सुमारे १२,७०० अक्षरांची डीएनए प्रत निरोगी बुरशीत घातली आणि तीही दुबळी झाली. दुबळेपणाचे कारण विषाणूच आहे, हे त्या प्रयोगाने सिद्ध झाले. हा विषाणू म्हणजे वर आलेला कवच नसलेला हायपोविषाणूच.

युरोपात हा विषाणू उपयोगी पडला, अमेरिकेत फारसा पडला नाही. कारण घर न सोडणे. विषाणू एका बुरशीतून दुसरीत जाण्यासाठी दोघींचे तंतू जुळायला हवेत, आणि बुरशी कुणाशीही जुळत नाही. क्रायफोनेक्ट्रियात निदान सहा जनुकस्थाने ही ओळख ठरवतात; प्रत्येकाचे दोन प्रकार धरले, तर ६४ गट होतात. गट जुळले नाहीत तर भेटीच्या ठिकाणच्या पेशी मरतात, आणि विषाणूची वाट बंद होते. युरोपातील अनेक भागांत मोजकेच गट होते, म्हणून विषाणू पसरला. अमेरिकेत गट खूप होते. डोनाल्ड नस यांच्या गटाने २०१६ मध्ये ही ओळखीची जनुके निकामी करून अनेक गटांना विषाणू देऊ शकणारी बुरशी तयार केली, हे या अडथळ्यावरचे एक उत्तर आहे.

मुरबाड-शहापूरच्या भातावर करपा पाडणाऱ्या बुरशीबाबतही हाच प्रश्न येतो. व्हिएतनाममधील करप्याच्या एका वाणात जपानी संशोधकांना २०१० मध्ये बुरशीची वाढ खुंटवणारा क्रायसोविषाणू सापडला आहे. पण विषाणू बाटलीत असणे आणि तो शेतातल्या लाखो ठिपक्यांमधल्या वेगवेगळ्या बुरशींच्या आत पोहोचणे, यांत फार मोठे अंतर आहे, आणि ज्या विषाणूला बाहेरून आत शिरताच येत नाही, त्याची फवारणी करून काय साधणार?

म्हणूनच स्क्लेरोटिनियातील एका विषाणूने संशोधकांना चकित केले. चीनमधील वुहान येथील दाओहोंग च्यांग यांच्या गटाने २०१० मध्ये मोहरीवर्गीय पिकांना कुजवणाऱ्या या बुरशीत एक डीएनए विषाणू शोधला. त्याचा जनुकसंच गोलाकार, एकपदरी, केवळ २,१६६ अक्षरांचा. नाते पांढऱ्या माशीतून पसरणाऱ्या वनस्पतींच्या जेमिनिविषाणूंशी. तो बुरशीला दुबळी करतो, आणि शुद्ध केलेले त्याचे कण नुसते बाहेरून तंतूंवर टाकले तरी आत शिरतात, हे २०१३ मध्ये दिसून आले. भित्तिका ओलांडणारा हा विषाणू रानात एका तंतूपासून दुसऱ्यापर्यंत जातो कसा, याचे उत्तर तीन वर्षांनी मिळाले. लायकोरिएला नावाची बारीक काळी माशी विषाणू असलेली बुरशी खाते, विषाणू तिच्या शरीरात वाढतो, तिच्या अंड्यांतून पिल्लांत जातो आणि ती जिथे बसेल तिथल्या बुरशीला लागतो. मावसबहिणीला मी हे सांगितले, तेव्हा तिने उठून खोलीच्या खिडकीची बारीक जाळी दाखवली. अळंबीच्या पिशव्यांत अंडी घालणाऱ्या आणि त्यांच्या अळ्यांनी पीक पोखरणाऱ्या ज्या माशांना अडवायला ती जाळी असते, त्यांच्याच कुळातली ही माशी आहे.